दुसरी बाटली नासेपर्यंत

मला वाचायला शाळेनं शिकवलं नाही, पत्रकांनी शिकवलं. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तात्यांचा छापखाना होता आणि माझे वडील तिथे छपाईचे खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून छापखान्याचं पोट भरायचं; पत्रकं मात्र तात्या स्वतःच्या खिशातून छापायचे. शाळा सुटली की मी तिथेच. ओल्या शाईचा वास, पायानं चालणाऱ्या मशीनचा ठोका आणि माझ्यासमोर पत्रकांची चवड. घड्या घालायचं काम माझं. घडी घालता घालता वाचायचो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असायचं. वाक्य असंच संपतं, असं मला कित्येक दिवस वाटत होतं.

तात्या आमच्या नात्यातले नव्हते. पण माझ्या डिप्लोमाच्या प्रवेशाला तेच पुढे होते आणि वडील गेले तेव्हा राख सावडायलाही तेच. घरात कुठलंही काम सुरू करायचं तर आधी तात्यांच्या कानावर घालायचं, ही आमची रीत. म्हैस घ्यायची असो, छपराचा पत्रा बदलायचा असो, आई म्हणायची, "आधी तात्यांना सांगून ये, मग हात लाव." मी मोठा झालो, पुण्यात नोकरीला लागलो, तरी ही रीत माझ्या अंगातून गेली नाही.

तात्यांचं सगळ्यात गाजलेलं पत्रक दुधाचं होतं. आमच्याकडच्या एका दूध संघाची तेव्हा अशी पद्धत होती की गावोगावच्या संस्थांनी सकाळचं दूध शीतकरण केंद्रावर आणायचं. तिथे ते गार व्हायचं आणि टँकरनं बारामतीला जायचं. प्रत्येक संस्थेच्या दुधाचा नमुना बाटलीत भरून सोबत जायचा, बारामतीच्या प्रयोगशाळेत त्याची फॅट काढायचे आणि त्या फॅटवर संस्थेची किंमत ठरायची. निकालाची चिठ्ठी दुसऱ्या दिवशीच्या टँकरनं परत यायची. चिठ्ठीत फॅट कमी निघाली तर भांडायचं कशाच्या जोरावर? दूध कधीच पुण्या-मुंबईच्या चहात गेलेलं.

तात्यांनी मागणी केली, नमुन्याच्या दोन बाटल्या भरा. एक बारामतीला पाठवा, दुसरी केंद्रावरच ठेवा. तीही कपाटात नाही, दाराजवळच्या उघड्या फळीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. बारामतीचा आकडा पटला नाही तर ती सगळ्यांसमोर तपासा. "नमुना आमचा! निकाल आमच्यासमोर!" या ओळीचे खिळे माझ्या वडिलांनी जुळवले. टँकर अडवले गेले, तात्यांच्या खांद्यावर काठी बसली, आणि संघानं मागणी मान्य केली.

मान्य करताना एक मेख मारली. दुसरी बाटली चांगली असेपर्यंतच तक्रार ऐकली जाईल. दूध नासलं की वाद संपला. उघड्या फळीवरचं दूध उन्हाळ्यात दुपारपर्यंत कसंबसं टिकतं. चिठ्ठी यायची दुसऱ्या दिवशी. म्हणजे जिंकलेली मागणी रोज दुपारी फळीवर नासत होती. फोनवरून आकडा सांगा म्हणावं तर तोंडी आकडा आम्हीच नाकारला होता. छापील कागद पाहिजे, हे आमच्याच पत्रकात होतं.

म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी संघात कंप्युटरचं जाळं आलं, तेव्हा मला ते यंत्र वाटलंच नाही. मला ते पत्रकाचं शेवटचं वाक्य वाटलं. बारामतीच्या प्रयोगशाळेत आकडा टाकला की भिगवण, इंदापूर आणि निमगाव केतकीच्या केंद्रांवर त्याच सकाळी प्रिंटर खरखरणार, आणि दुसरी बाटली अजून गोड असणार! तात्या तोवर संघावर संचालक म्हणून निवडून आले होते. काम माझ्याच कंपनीला मिळालं होतं. तात्यांनी माझ्या साहेबांना सांगितलं, "माझं पोरगं पाठवा." मला पाठवलं.

प्रत्येक केंद्रावर एक राउटर होता. चपटी, राखाडी पेटी; टेलिफोन खात्याच्या वेगळ्या लाइनवरून आलेले आकडे ती कंप्युटरला पोचवायची. केंद्रांवर सगळे तिला डबा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. डब्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये खोट होती. मधूनच तो गप्प व्हायचा आणि बंद करून चालू केला की पुन्हा बोलायचा. पुण्याहून नवं सॉफ्टवेअर आलं. ते बारामतीच्या मुख्य कंप्युटरवरच ठेवायचं आणि तिथूनच लाइनवरून एकेका डब्यात उतरवायचं, असा कंपनीचा नियम. यात धोक्याची जागा एकच. डबा आधी जुनं पुसतो, मग नवं लिहून घेतो. लिहिता लिहिता वीज तुटली तर त्याच्यात ना जुनं राहतं ना नवं. मग कुणीतरी केंद्रावर जायचं, डब्याला कंप्युटरची वायर जोडायची आणि त्या बारीक वायरीतून जुनं सॉफ्टवेअर थेंब थेंब पाजायचं. त्यात अख्खा दिवस जायचा.

भिगवणचं काम एका दमात झालं. इंदापूरचंही झालं. निमगाव बंद पडलं. जाऊन जुनं पाजून आलो, बारामतीहून नवं सोडलं, तरी बंदच.

मी एसटीनं पुन्हा निमगावला गेलो. पानमळ्यांच्या कडेनं केंद्रावर पोचलो तेव्हा ऑपरेटर डब्यासमोर हात जोडून बसल्यासारखा बसला होता. भल्या मोठ्या मिशांचा, दोन मुलींचा बाप, अतिशय सरळ माणूस. दारात एक बाई उभी होती. शेजारच्या वाडीवरच्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष. मेंढरं विकून म्हशी घेतलेल्या घरातली. तिला सगळे आक्का म्हणायचे.

"आलं का इंजिनेर?" आक्का म्हणाली. "तुमचं यंत्र लई ग्वाड बोलतंय आन् येळ आली की तोंड मिटतंय. आमच्या सरपंचाचा भाऊ हाय का वो त्यो?"

ऑपरेटर हसला. मी हसलो नाही. मी वायर जोडली.

"आन् एक सांगा," ती फळीवरच्या बाटलीकडे बोट करून म्हणाली, "ज्या दिवशी ह्यो डबा मरतुया, त्याच दिवशी आमची फॅट खाली कशी येती?"

"आक्का, डब्याला तुमची म्हैस कुठली, दुसऱ्याची कुठली, काय कळतं?"

"डब्याला न्हाय कळत. मी डब्याला इचारतच न्हाय."

तिच्या संस्थेला संघानं ताकीद दिली होती. ठरवून दिलेल्या आकड्याखाली फॅट अशीच उतरत राहिली तर संकलन बंद. संकलन बंद म्हणजे संस्था बंद. वाडीवरच्या बायांचा स्वतःच्या नावावर येणारा पैसा तेवढाच होता. आणि संघाची निवडणूक तोंडावर होती. तात्या मत मागायला आले तेव्हा आक्का त्यांना म्हणाली होती, "मत कशाला, ह्या बारीला मीच हुबी ऱ्हाती." हे तात्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. मलाही गंमत वाटली होती.

त्या दिवशी डब्यात जुनं सॉफ्टवेअर उतरेपर्यंत बाटलीतल्या दुधाच्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बारामतीहून पुन्हा नव्याचा प्रयत्न केला. पुन्हा बंद.

मी कारण शोधायला लागलो. दुरुस्तीचं काम मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी एकच गोष्ट डोक्यात ठोकली होती: एका वेळी एकच गोष्ट बदल. पहिलं कारण मला केंद्रावरच्या दिव्यानं दाखवलं. लाइट गेली आणि आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उचलायच्या, कारण लाइट कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे प्रत्येकानं विहिरीवर ऑटो स्विच बसवलेला. मालक घरी झोपलेला, मोटार आपली आपण चालू. त्या क्षणी केंद्रावरचा बल्ब निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. एवढ्या झटक्यात डबा बंद पडणार नाही तर काय? मला आनंद झाला. संघाशी भांडून मी केंद्राला बॅटरीचा यूपीएस मिळवून दिला. ऑपरेटरनं त्याला हळदकुंकू लावलं.

बारामतीला परतून मी पुन्हा सॉफ्टवेअर सोडलं. निम्मं गेलं आणि निमगाव गप्प.

मग मी वेळ बदलली; दुपारनंतर लाइन टिकत नसे, म्हणून सकाळच्या सकाळीच पुढे-मागे केली. वायर बदलली. पुण्याशी हुज्जत घालून डबाच बदलून आणला, कोरा करकरीत. तोही तसाच मेला. साहेब फोनवर म्हणाले, "अरे, दोन केंद्रं होतात आणि तिसरं होत नाही म्हणजे तुझ्या हातात दोष आहे." मला रडू यायचं बाकी होतं. तात्या मात्र धीर द्यायचे. प्रत्येक वेळी काम सुरू करायच्या आधी मी त्यांना फोन करायचो. संघाचा तसा काही नियम नव्हता. ती आमच्या घरची रीत होती.

"तात्या, निमगावचं सुरू करतोय."

"कर लेका. बिनधास्त कर," ते म्हणायचे. "आज हुतंय बघ."

शेवटी मी ठरवलं की या खेपेला बारामतीत बसून सोडायचं नाही. निमगावलाच जायचं, तिथल्या डब्याला वायर लावून बसायचं आणि बारामतीचं सॉफ्टवेअर तिकडून ओढून घ्यायचं. कुठे तुटतं ते डोळ्यांनी बघायचं. सकाळचा टँकर निघून गेला होता. फळीवर संस्थांच्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. आक्काही आली होती. संघानं तिला शेवटची संधी दिली होती, आज आकडा काय येतो त्यावर तिच्या संस्थेचा निकाल होता, म्हणून ती दाराच्या उंबऱ्यावरच बसली.

"आज तरी बोलल का त्यो?"

"बोलेल, आक्का."

मी केंद्राच्याच फोनवरून तात्यांना फोन लावला. कुठून बोलतोय ते सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, ते सांगायला हवं असं वाटलंच नाही. ऑपरेटर तेव्हा बाहेर टाकीपाशी होता.

"तात्या, निमगावचं सुरू करतोय."

"कर लेका."

मी आज्ञा दिली. डब्यानं जुनं पुसलं. पडद्यावर नव्याचे तुकडे पोचल्याच्या खुणा उमटायला लागल्या. त्या डब्याची खूण म्हणजे उद्गारचिन्ह. एकेक तुकडा आला की एकेक उद्गारचिन्ह, ओळीच्या ओळी, जणू कुणी शब्द गाळून नुसतं पत्रक छापत होतं. मला एवढं बरं वाटत होतं की मी ते आक्काला दाखवलं.

तेवढ्यात फोन वाजला. ऑपरेटर हात पुसत आत आला आणि त्यानं फोन उचलला.

"व्हय. व्हय, तात्या. आत्ता लगेच."

त्यानं फोन ठेवला, माझ्या मागून वळसा घातला आणि डब्याच्या मागच्या बटणाकडे हात नेला. अगदी सहज, रोज देवाला पाणी घालतात तसा. मी त्याचं मनगट धरलं.

"काय करताय?"

"बटण पाडतुया, साहेब."

"का?"

"तात्यांचा फोन आला न्हवं का. सॉफ्टवेर चढताना डबा तापतो, आग लागती म्हणं. फोन आला की जरा येळ बटण पाडून ठिवायचं. तुमीच सांगितलंय म्हणले तात्या." तो माझ्याकडे बघायला लागला. "तुमी न्हाय सांगितलं?"

त्याचं मनगट मी सोडलं नव्हतं. पडद्यावर उद्गारचिन्हं चालूच होती.

"प्रत्येक वेळी फोन आला होता?"

"दर बारीला. मला वर म्हणले, इंजिनेरला बोलू नगंस, पोरगं हाय, त्याला वाटंल आपण त्याच्या कामात नाक घालतोय."

मी एका वेळी एक गोष्ट बदलत गेलो होतो. वीज, वेळ, वायर, डबा. एक गोष्ट मात्र कधीच बदलली नव्हती. सुरू करायच्या आधीचा माझा फोन.

आक्का उंबऱ्यावरून उठली होती. तिघंही आम्ही पडद्याकडे बघत उभे राहिलो. चिन्हं थांबली. डबा स्वतःहून बंद होऊन चालू झाला, त्याचा हिरवा दिवा लुकलुकला आणि मग स्थिर झाला. काही वेळानं प्रिंटर खरखरला. बारामतीचे आकडे आले होते. आक्काच्या संस्थेची फॅट कमी. ताकिदीत दिलेल्या आकड्याच्याही खाली.

बारामतीत कुणीतरी तो आकडा निमगावचा डबा मेलाय अशा खात्रीनं टाकला होता.

"बाटली," आक्का म्हणाली. एवढंच.

केंद्रावरच्या दूध तपासणाऱ्या माणसानं सगळ्यांसमोर दुसऱ्या बाटलीचं सील फोडलं. वास घेतला. दूध चांगलं होतं. त्यानं नमुना काढला, त्यात औषधं घातली, हातानं फिरवायचं मशीन गरागरा फिरवलं आणि काचेची नळी उजेडाकडे धरली. फॅट चांगली भरली होती. डबा चालू असायच्या दिवसांसारखीच. त्यानं ते कागदावर लिहून सही केली, कारण दारात तोवर वाडीवरच्या बाया जमल्या होत्या आणि सही केल्याशिवाय त्यांनी त्याला उठू दिलं नसतं.

संस्था वाचली. आक्कानं कागद कमरेला खोचला आणि माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल.

"म्हंजी तुमी फोन करायचा," ती सावकाश म्हणाली, "मंग त्यो करायचा."

मी मान हलवली.

"आन् मागं नासल्या त्या बाटल्या?"

त्या गटारात ओतल्या गेल्या होत्या.

दुपारच्या गाडीनं मी बारामतीला गेलो, तडक छापखान्यात. तात्या एकटेच होते. निवडणुकीचं पत्रक मशीनवर चढवायचं चाललं होतं.

"ये. चहा सांगतो," ते म्हणाले. म्हणजे त्यांना कळलं होतं.

"बटण पाडायला का सांगत होता, तात्या?"

त्यांनी नजर चुकवली नाही. चुकवली असती तर मला सोपं गेलं असतं. "बंद संस्थेला मत नसतं आन् बंद संस्थेची बाई हुबी ऱ्हात न्हाय. संस्था काय, निवडणुकीनंतर मीच परत चालू करून दिली असती. पण मी पडलो तर चळवळ पडती. हे तुला कळाय पायजे."

"ती तुमच्या फळीवरची बाटली होती."

"फळी माझीच हाय की. मी खांद्यावर काठी घेऊन ती लावलीय."

त्यांच्या मते त्यांनी दुसऱ्याचं काही घेतलंच नव्हतं.

"आणि मी? मला वापरलंत?"

"तुला इचारलं असतं तर तू न्हाय म्हणला असतास. म्हणून इचारलं न्हाय." ते खरोखर मायेनं बोलत होते. "तुझा मानच ठिवला मी त्यात."

समोर जुळवलेला मजकूर होता. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. मला ती सुलट्यासारखी वाचता येतात, ते वडिलांनी शिकवलं होतं. "नमुना आमचा! निकाल आमच्यासमोर!" खाली लिहिलं होतं, आपल्याच घरातल्या मुलानं बसवलेलं यंत्र, आता खोट्याला थारा नाही. मी चौकटीची किल्ली सैल केली, ती माझ्याबद्दलची ओळ उपसली आणि खिळे टेबलावर ओतले.

तात्या रागावले नाहीत. "एका ओळीनं पत्रक अडत न्हाय, लेका."

अडलं नाही. चारच दिवसांत ते पत्रक मी एसटी स्टँडच्या भिंतीवर पाहिलं, ती ओळ जागच्या जागी. मी संघाला सगळं लिहून कळवलं. चौकशी झाली. ऑपरेटरनं उपकरणाशी छेडछाड केली, असं ठरलं आणि त्याची बदली केली, मुलींच्या शाळेपासून लांब. फोनचं कुणी नावही काढलं नाही. साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाच्या घरच्या भांडणात पडू नकोस. आक्का उभी राहिली आणि पडली. तात्या निवडून आले. गुलालाची मिरवणूक छापखान्यावरून गेली तेव्हा आई आत जाऊन बसली. "तू त्यांना एकदा भेटून तरी ये," ती मला म्हणाली. मी गेलो नाही. अजून गेलेलो नाही. पत्रकातल्या प्रत्येक शब्दावर माझा आजही विश्वास आहे आणि ते शब्द ज्यांनी मला दिले त्यांच्यावर नाही, ही अवस्था फार वाईट आहे. अनाथ झाल्यासारखी पण नाही. अनाथाला निदान रडता येतं.

पुढे कंपनीनं आणखी एकदा नवं सॉफ्टवेअर पाठवलं. निमगावला मीच गेलो. आक्काची संस्था चालू होती. कुणी तिला निरोप दिला माहीत नाही, पण मी पिशवीतून माझी वायर काढेपर्यंत ती येऊन डब्याच्या मागे स्टूल टाकून बसली, बटणाला पाठ लावून. मांडीवर तिच्या संस्थेची दुसरी बाटली.

"आक्का, आता तशी भीती नाही."

"असू दे."

मी कंप्युटर चालू केला. माझा हात सवयीनं फोनकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. तिनं ते पाहिलं.

"आज कुणाला फोन केलाय?"

"कुणालाच नाही."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. पूर्वी ती माझी थट्टा करायची. त्या नजरेत थट्टा नव्हती. मग तिनं ऑपरेटरच्या जागी आलेल्या नव्या माणसाला सांगितलं, "त्या फोनची वायर काढ."

त्यानं वायर काढली.

"आता करा सुरू," आक्का म्हणाली.